फोरट्रानचा उन्हाळा

यंदा एप्रिल निम्मा व्हायच्या आतच सोलापूर तापलं. दुपारी बारा वाजता रस्ते ओस पडतात, कुत्री उभ्या मोटारींखाली शिरतात, आणि नळाचं पाणी हाताला चटका देतं. आमच्याकडे कूलर आहे. म्हणून शेजारची मधुरा जेवण झालं की लॅपटॉप घेऊन येते आणि आमच्या फरशीवर बसकण मारते. बारावीची परीक्षा झालीय, निकाल लांब आहे, तोवर ती पायथन शिकतेय. शिकतेय म्हणजे काय, तर दर दोन मिनिटांनी पडद्यावर लाल अक्षरं उमटतात आणि ती कपाळावर हात मारून ओरडते, "शी! परत एरर!"

परवा मी तिला कलिंगडाची फोड द्यायला गेले, तर म्हणाली, "आजी, हे मला मुद्दाम छळतंय. सकाळपासून नुसतं चुकलं, चुकलं सांगतंय."

का कोण जाणे, माझं डोकंच फिरलं. "सांगतंय ना? लगेच सांगतंय? तुझ्या तोंडावर सांगतंय?" मी म्हटलं. "मग कलिंगड खा आणि गप नीट कर."

पोरगी बावरली. फोड हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिचं काही चुकलं नव्हतं. राग तिच्यावर नव्हताच. उन्हाळा आला की तो आपोआप वर येतो, घामोळ्यासारखा. इतकी वर्षं झाली, तो जायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं मलाही वाटत नाही.

आमचं घर तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत होतं. पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि चारी बाजूंनी मागांची खटखट. ती थांबली की झोपलेली माणसं दचकून उठायची, वीज गेली म्हणून. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी, अशा तीन भाषा मी वाढता वाढता उचलल्या. भांडायला तिन्ही उपयोगी पडतात. माझे वडील, नायना, एका चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे, आणि आई, म्हणजे अम्मा, घरी बसून कार्डं शिवायची.

हे कार्डं शिवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. चादरीवर मोर असो की कमळ, तो आधी चौकटींच्या कागदावर काढतात. मग पुठ्ठ्याच्या लांबट कार्डांवर त्याची भोकं पाडतात. भोक असेल तिथला दोरा मागावर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. कापडाच्या एका ओळीला एक कार्ड. अशी ढीगभर कार्डं क्रमानं एकमेकांना दोऱ्यानं शिवायची, की त्यांची लांबलचक माळ होते आणि ती मागाच्या डोक्यावर चढवतात. कारखान्यातून कार्डांचे गठ्ठे घरोघरी यायचे आणि बायका दाराच्या सावलीत बसून ते शिवायच्या. एखादं कार्ड मागेपुढे झालं तर मोराची मान शेपटाला लागणार. म्हणून आमच्याकडे सुटं कार्ड कुणी ठेवायचंच नाही. दूध दिसलं की तापवायचं, तसं कार्ड दिसलं की शिवायचं.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात फोरट्रानचा, म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायच्या भाषेचा, वर्ग निघाला. मोठा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. मी बी. एस्सी.ला गणित घेतलं होतं. आमचे भोसेकर सर पुण्याला कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि आले ते भारल्यासारखे. सुट्टीत फुकट शिकवतो म्हणाले. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलेनच असं नाही.

कॉम्प्युटर अर्थातच नव्हता. सोलापुरात तो कुणी पाहिलाही नव्हता. सरांनी फळ्यावर खडूनं तीन चौकोन काढले आणि म्हणाले, "हा कार्डं वाचणार, हा लक्षात ठेवणार, हा छापणार." आम्ही तीन चौकोन वहीत उतरवून घेतले. लंकेत सोन्याच्या विटा, तसा पुण्यात कॉम्प्युटर. पण सरांच्या अंगात कसब होतं. त्यांनी आम्हालाच यंत्र केलं. निंबाच्या झाडाखाली एकेकाला उभं करून प्रत्येकाच्या हातात पाटी दिली. कुणी एक आकडा सांभाळायचा, कुणी दुसरा. माझी मैत्रीण नसीम बेरीज झाली होती. मी 'जर' झाले होते. समोर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, तू शून्यापेक्षा मोठा का, आणि असेल तर उजवीकडे पाठवायचं, नसेल तर डावीकडे. मुलं वैतागायची. कॉलेजात मुलीनं मुलांना कुठं जायचं ते सांगावं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. डोक्यावर निंबाचा मोहोर गळत होता, पाट्यांवरचे आकडे घामानं पुसले जात होते, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हे माझ्यासाठीच कुणी तरी करून ठेवलंय. दुसऱ्या कुठल्याच विषयात मला तसं वाटलं नव्हतं.

आणि मग सरांनी एक दिवस खिशातून कार्ड काढलं. पिवळसर, पातळ, भोकं पाडलेलं. मी बाकावरून उठलेच. "सर, आमच्याकडे अशीच असतात! मागावरची, जेकार्डची!"

वर्ग हसला. सर मायेनं म्हणाले, "सरोजा, ते वेगळं. ते विणकाम. हे शास्त्र आहे."

आज मला माहीत आहे की ते इतकं काही वेगळं नव्हतं. तेव्हा मी मुकाट्यानं खाली बसले. खाली बसण्यात आमच्या वयाच्या मुली तेव्हा पटाईत होत्या.

वर्गाचा नियम सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. मेच्या मध्यावर प्रत्येकानं स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहायचा. गावातल्या एका गिरणीच्या कचेरीत हिशेबाच्या कार्डांवर भोकं पाडायचं यंत्र होतं, तिथे ओळखीनं कार्डं पाडून घ्यायची. मग ती पुण्याला जाणार, तिथल्या कॉम्प्युटरवर चालणार. ज्याचा प्रोग्रॅम चालेल त्यालाच जूनमध्ये पुढच्या वर्गाला बसता येईल. ज्याचा चालणार नाही त्याचं फोरट्रान तिथं संपलं. मला पुढच्या वर्गाला बसायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. अम्मानं त्या वर्षी नवी साडी घेऊ म्हटलं तरी मी नको म्हटलं, इतकं ते डोक्यात बसलं होतं.

पुण्याला जायचं ठरलं तेव्हा सर म्हणाले, "मुलांनी एकेक पांघरूण बरोबर घ्या. मुलींनी आपापली कार्डं प्रमोदकडे द्या."

वर्गात मुली दोनच होत्या, मी आणि नसीम. नसीम फटकळ. ती उभी राहिली. "हमारेकू कायकू नई ले जाते, सर?"

"मुक्काम आहे गं. मुलींची जबाबदारी कोण घेणार? आणि तुमची कार्डं जाणारच आहेत. कार्डं गेली म्हणजे तुम्ही गेल्यासारखंच आहे."

हे वाक्य मी तेव्हा ऐकून घेतलं. आज कुणी म्हणून बघावं. कार्डं गेली म्हणजे तुम्ही गेल्यासारखंच! मग मुलं कशाला गेली? त्यांचीही कार्डंच पाठवायची होती. सगळी कार्डं एका पिशवीत घालून कंडक्टरच्या ताब्यात द्यायची होती. पण नाही. मुलं पांघरुणं घेऊन गेली, आणि आम्ही पिशवीतून गेलो.

माझा प्रोग्रॅम माझा होता. बाकी बहुतेकांनी सरांनी फळ्यावर सोडवून दाखवलेलं गणितच जरा फिरवून लिहिलं. मी चादर घेतली. एका नक्षीत कुठल्या रंगाचा दोरा किती वेळा वर येतो ते मोजायचं. आधी तांबडा, मग हिरवा. त्यावरून कुठलं सूत जास्त लागेल ते कळेल. नायना ते अंदाजानं सांगायचे आणि त्यांचा अंदाज कधी बरोबर यायचा, कधी साफ चुकायचा. चुकला की सूत कमी पडायचं आणि मालक शिव्या घालायचा. मला वाटलं, हे यंत्राला विचारावं.

गिरणीतून कार्डं पाडून आली तो शनिवार होता. सोमवारी सकाळी प्रमोद ती घेऊन जाणार होता. प्रमोद म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात गोरा, सगळ्यात मोठ्यानं बोलणारा मुलगा. सर म्हणाले होते, "एक लक्षात ठेवा. कार्डांचा क्रम बदलला की सगळं मुसळ केरात. काय वाटेल ते करा, पण क्रम सांभाळा."

काय वाटेल ते करा म्हणाले. मी घरी येऊन तेच केलं.

अम्मानं हातातलं काम बाजूला ठेवून माझा गठ्ठा उलटून पाहिला. तेलुगूत म्हणाली, "ही सुटीच पाठवणार? बसमध्ये पडली तर?" मलाही तीच भीती होती. क्षणभरही दुसरं काही मनात आलं नाही. पण मी काही आंधळेपणानं भोकं पाडायला बसले नाही, हे मला आजही ठासून सांगायचंय. मी विचार केला होता. कार्डावर ऐंशी रकाने असतात. शेवटचे आठ यंत्र वाचतच नाही, ते रिकामे सोडायचे, असं सरांनी आम्हाला दहादा घोकवलं होतं. म्हणजे तिथं भोक पाडलं तर यंत्राचं काय बिघडणार? डावीकडे मात्र अजिबात हात लावायचा नाही. अम्मा कुरकुरली. "एका अंगानं शिवलं तर माळ वाकडी होते. दोन्ही अंगांनी शिवू." मी म्हटलं, नाही, डावीकडे यंत्र वाचतं. ती म्हणाली, कसलं हे यंत्र, निम्मंच वाचतं! पण दाभण घेऊन तिनं उजव्या अंगाला टोचे घेतले, बारीक, एका रेषेत, आणि मी दोरा ओवत गेले. माळ वाकडी झाली खरी. घडी घातली तर मात्र छान बसत होती. मी ती कागदात गुंडाळली, वर नाव घातलं आणि सोमवारी प्रमोदच्या हातात दिली.

मंडळी पुण्याहून आली ती खूश होऊन. एसी, म्हणजे मेमध्ये थंडी वाजते अशी खोली! आत जायचं तर चपला बाहेर! सगळे एकदम बोलत होते. मग प्रमोद माझ्याकडे वळला आणि हसायलाच लागला. त्याला बोलता येईना. शेवटी सावरून म्हणाला, "अहो सर, तुम्हीच सांगा."

सरांनी सांगितलं. तेही हसत होते. माझं पुडकं उघडलं तर आतून माळच निघाली. तिथल्या ऑपरेटरनं ती हातात धरून उंच केली, सगळ्या खोलीला दाखवली. सोलापूरची चादर आली, सोलापूरची चादर आली, असं म्हणत लोक शेजारच्या खोल्यांतून बघायला आले. यंत्रात तर ती घालता येईना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? राहिला तुझा."

वर्ग हसत होता. नसीम तेवढी हसली नाही. मोठ्यानं म्हणाली, "हसनेका क्या हाय इसमें?" तिचा स्वतःचा प्रोग्रॅम चालला होता, तिला बोलायची काही गरज नव्हती.

मी सरांना म्हटलं, "सर, दोरा कापायचा. नवी कार्डं पाडून घ्यायची. तिथं यंत्र असेल ना?"

"अगं, त्यांचा वेळ किती महाग असतो, तुला कल्पना नाही."

यावर प्रमोद म्हणाला, आणि बिचारा अगदी निरागसपणे म्हणाला, "माझा तर दोनदा अडकला. पण मी शेजारीच उभा होतो ना. त्यांनी चुकलेली कार्डं लगेच नवी करून दिली. मिनिटभराचं काम!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिनिटभराचं काम! त्याच खोलीत, त्याच माणसानं, त्याच यंत्रावर ते मिनिटभराचं काम प्रमोदसाठी दोनदा केलं होतं. माझ्यासाठी त्यांना मिनिट नव्हतं. हसायला मात्र शेजारच्या खोल्यांतून माणसं बोलावण्याइतका वेळ होता. मी तिथं उभी असते तर दोरा कापा म्हणाले असते. मी तिथं नव्हते, कारण माझी जबाबदारी कोण घेणार? उंटावरून शेळ्या हाकायला लावायच्या, आणि शेळी चुकली की हाकणाऱ्याला हसायचं.

"माझी कार्डं कुठं आहेत?" मी विचारलं.

"भिंतीवर लावलीत त्यांनी," प्रमोद म्हणाला. "घड्याळाखाली. लई भारी दिसतात."

सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी वर्ग निघेल की नाही, सर असतील की नाही, माझं कॉलेज तरी राहील की नाही, कुणाला माहीत होतं? पुढच्या वर्षीचा वायदा हा मुलींना देण्यासाठीच ठेवलेला असतो, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

प्रमोद अजून भेटतो. लग्नाकार्यात भेटला की चार माणसं गोळा करून तो ही गोष्ट रंगवतो. "आमच्या सरोजानं कॉम्प्युटरला चादर पाठवली होती!" लोक हसतात. मीसुद्धा पूर्वी ओठ ताणायची. हल्ली मी तेवढंही करत नाही. त्याच्या गोष्टीत कार्डं भिंतीवर टांगली की गोष्ट संपते. तिथं टाळी पडते. पुढं काय झालं ते त्याला ठाऊक नाही, कारण त्यानं कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी घरी गेले आणि अम्माला सगळं सांगितलं. रडत सांगितलं नाही, भांडी आपटत सांगितलं. लोक हसले, इथपर्यंत तिनं शांतपणे ऐकलं. हसण्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. आमच्या गल्लीत कोण कुणाला हसत नव्हतं? भिंतीवर टांगलीत म्हटल्यावर मात्र तिचा हात थांबला.

"टांगलीत? चालवली नाहीत, आणि टांगलीत?"

"हो."

"कामाची वस्तू टांगतात का कधी?"

रात्री तिनं नायनांना एवढंच सांगितलं, की उद्या भाकरी सकाळीच करून ठेवते, मी आणि सरोजा पुण्याला जातोय. नायना माझ्याकडे बघून म्हणाले, "जाऊन या." त्यांनी जबाबदारी कोण घेणार असं विचारलं नाही. त्यांना तो शब्दच सुचला नसावा.

सकाळची गाडी. डबा तापलेला, खिडकीतून येणारा वारा त्याहून तापलेला. केम स्टेशनात कुंकवाच्या पुड्यांच्या पाट्या घेऊन बाया चढल्या आणि अम्माच्या पायाशी बसल्या. एकीनं विचारलं, "कुटं निगाला वं बाई?" अम्मा म्हणाली, "पुन्याला. पोरीचं काम हाय." तेवढंच. काय काम, कसलं काम, काही नाही. मी मात्र वाटभर काय बोलायचं ते मनात जुळवत होते. वाक्यं जुळवायची, मोडायची. भिगवण आलं, दौंड आलं, आणि माझ्याकडे एकही धड वाक्य नव्हतं.

कॉम्प्युटर होता त्या संस्थेच्या जिन्यावर थंड वारा येत होता. बाहेर चपलांची रांग. आम्ही आमच्या तिथं ठेवल्या. अम्मानं पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला. काचेच्या दारातून मला पहिल्यांदा ते यंत्र दिसलं. सरांच्या खडूच्या चौकोनांसारखं ते अजिबात नव्हतं. आणि घड्याळाखाली, खिळ्याला, माझी वाकडी माळ लोंबत होती.

पांढऱ्या शर्टातला ऑपरेटर बाहेर आला. तरुण होता, माझ्याहून फार मोठा नसेल. "कोण पाहिजे?"

मी तोंड उघडलं. अम्मा माझ्याआधी बोलली. तिचं मराठी गल्लीतलं, तेलुगूच्या हेलाचं.

"ओ भाऊ, ते भिंतीवरचं आमचं हाय. काडून द्या."

तो खुलला. "अरे! ती चादर तुमची का? राहू द्या हो. आम्हाला फार आवडलीय."

"आवडली असंल. पन ते तोरण न्हाय. माज्या पोरीचं काम हाय. चालवायचं न्हाय, तर टांगलं कशाला?"

तो थोडा गोंधळला. "बाई, मशीनचा वेळ ठरलेला असतो. कॉलेजचं पत्र आणा, मग बघू."

"आमची पोरं आलती तवा ज्याचं बिगडलं त्याला दुसरं करून दिलं म्हनं तुमी. त्येला पत्र लागलं का?"

"त्यांच्याबरोबर त्यांचे सर होते."

"हिच्यासंगं मी हाय की," अम्मा म्हणाली.

तो आत गेला. आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो, भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. येणारे-जाणारे बघत होते. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचा रागही येत होता. अम्मा मात्र अशी बसली होती, की जणू दाराच्या सावलीत कार्डांचा गठ्ठा यायची वाट बघतेय. दुपारी आतली वर्दळ कमी झाली. दार उघडलं. ऑपरेटरच्या हातात माझी माळ होती.

"या," तो म्हणाला. "आता मशीन मोकळं आहे. पण ही टोचलेली कार्डं चालणार नाहीत, मशीनमध्ये अडकतील. सगळी नव्यानं पाडावी लागतील."

"पाडते," मी म्हटलं. तिथं आल्यापासूनचा माझा तो पहिला शब्द.

अम्मानं माळेची गाठ सोडली आणि दोरा ओढून काढला. तो तिनं बोटाभोवती गुंडाळला आणि कमरेला खोचला. सूत वाया घालवायची सवय आमच्याकडे नव्हती. ऑपरेटरनं मला भोकं पाडायच्या यंत्रापुढे बसवलं, एकदा दाखवलं आणि बाजूला झाला. मी एकेक कार्ड बघून नवं पाडत गेले. सगळी झाल्यावर माझा गठ्ठा त्यानं कार्डं वाचणाऱ्या यंत्राच्या तोंडात ठेवला. फर्रर्र आवाज झाला आणि माझी सगळी कार्डं पलीकडे जाऊन पडली. त्या उन्हाळ्याचं सगळं काम त्या एका आवाजात झालं. मग दुसरीकडे छपाईचं यंत्र खडखडायला लागलं. अम्मानं मान वर केली. तो आवाज तिला घरचा वाटला असणार.

ऑपरेटरनं कागद फाडून माझ्या हातात दिला. "चालला की हो तुमचा प्रोग्रॅम! झालं तुमचं काम. सांगा तुमच्या सरांना."

खरंच चालला होता. सरांच्या नियमाप्रमाणे मी पास होते. कागद घेऊन मी तिथूनच परत फिरले असते, तर जूनमधल्या वर्गाचं दार मला उघडं होतं. पण मी आकडे वाचले. तांबडा बरोबर होता. तो मी घरी हातानं मोजून पाहिला होता. हिरवा भलताच मोठा आला होता. मी उभ्याउभ्या वरपासून ओळ न् ओळ बघत गेले, आणि मला दिसलं. तांबड्याची बेरीज संपल्यावर ती पुन्हा शून्यावर आणायला मी विसरले होते. सगळा तांबडा हिरव्यात जाऊन मिसळला होता.

चूक माझी होती. सगळ्या खोल्यांतली माणसं माझ्या दोऱ्याला हसून गेली, सर हसले, वर्ग हसला, आणि माझ्या चुकीपर्यंत एकही जण पोचला नव्हता. कुणी वाचलंच नव्हतं ते. मी काय लिहिलंय, ते चुकलंय की बरोबर आहे, हे मला सांगण्याइतकी किंमत त्याला कुणी दिली नव्हती. ते पहिल्यांदा सांगितलं त्या यंत्रानं. माझे डोळे भरून आले, आणि इतका संताप आला, की तो कागद माझ्या मुठीत चुरगळला.

"काय म्हनतंय?" अम्मानं विचारलं.

"चुकलंय, अम्मा. हिरवा चुकलाय."

"कुटं चुकलंय ते कळलं?"

"कळलं."

ऑपरेटर मागून म्हणाला, "अहो, असू द्या ना आता, चाललाय ना!" आणि हसला. वाईट नव्हता तो, सवयीनं हसला.

अम्मानं भोकं पाडायच्या यंत्रापुढचं स्टूल माझ्याकडे ओढलं. स्वतः दाराशी, फरशीवर मांडी घालून बसली.

"मग बस, नीट कर," ती मला म्हणाली. आणि त्याच्याकडे वळून, "तुमी हसू नका, भाऊ. तिचं काम चाललंय."